मदत हवी आहे: हरणं, गोचीड आणि टाउनची मीटिंग

न्यू जर्सीकर मंडळी, जरा सांगा. आमच्या टाउनमध्ये हरणं फार माजलीत. अंगणातलं होस्टाचं शोभेचं रोप देठापर्यंत फस्त! पण खरी धास्ती गोचिडांची. लाइम हा आजार पसरवणाऱ्या गोचिडाचं पिल्लू खसखशीएवढं, पोराच्या गुडघ्यामागे चिकटलं तरी दिसत नाही. आता शिकारी बोलवायचे की नसबंदी, यावर पुढच्या मीटिंगमध्ये वाद होणार.

स्टेटन आयलंडवर न्यूयॉर्क शहराने २०१६ पासून नर हरणांची नसबंदी केली. तिथलं कोणी आहे का? गोचीड कमी झाले का? लाइमचा जंतू गोचिडांना मुख्यतः उंदरांकडून मिळतो, हरणं त्यांना नुसती पोसतात. मग फक्त हरणं कमी करून भागतं का? मका खाताना हरणाच्या मानेला औषध फासणारे रोलर कुणाच्या टाउनने लावलेत? खर्च कोण करतं?