नाशिक ते गुवाहाटी: १,९६० किमी की २,६००?

ओझरची_आई:
मुलगी आयआयटी गुवाहाटीत पीएचडी करतेय. तिचं सामान घेऊन मी आणि मिस्टर डिसेंबरात गाडीनेच जायचं म्हणतोय. नेटवर एके ठिकाणी अंतर १,९६० किमी दाखवतात, दुसरीकडे २,६००. साडेसहाशे किलोमीटरचा फरक कसा काय? हिशोब नेमका कुठल्या आकड्यावर धरायचा?

नकाशावेडा:
१,९६० हे हवाई अंतर, म्हणजे पृथ्वीच्या पाठीवरून नाशिक ते गुवाहाटी दोरी ताणली तर भरेल तेवढं. डिझेलचा हिशोब २,६०० वरच धरा.

पिंपळगावचा_गाडीवाला:
ताई, आमच्या गाड्या कांदा घेऊन गुवाहाटीला जातात, म्हणून सविस्तर लिहितो.

ती सरळ रेघ उत्तर बांगलादेशावरून जाते. विमान वरून जाईल, आपल्याला वळसाच घालावा लागतो. नेपाळ आणि बांगलादेशाच्या मधे सिलिगुडीजवळ जेमतेम वीस-बावीस किलोमीटरची पट्टी आहे, आसामात जाणारी प्रत्येक गाडी तिथूनच जाते. फाळणीने रेल्वेचाही जुना रस्ता तोडला होता. भारताच्या हद्दीतून नवा मार्ग टाकून १९५० साली आसाम पुन्हा जोडला गेला.

आमचा रस्ता असा: धुळे, इंदूर, गुना, शिवपुरी. तिथे २७ नंबरचा हायवे धरायचा आणि तो सोडायचाच नाही. झाशी, कानपूर, लखनौ, गोरखपूर, मुझफ्फरपूर, पूर्णिया, सिलिगुडी. सिलिगुडी आली की पोचलो असं वाटतं, पण पुढे अजून साडेचारशे किलोमीटर आहेत. तिथे मुक्काम कराच.

एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. गुवाहाटी आपल्यापेक्षा १८ अंश पूर्वेला, आणि घड्याळ मात्र तेच. त्यामुळे सूर्य तिकडे सव्वा तास आधी. डिसेंबरात साडेचारला दिवस मावळतो, पाचला हेडलाइट लावायची वेळ. नवीन ड्रायव्हरला आम्ही हेच आधी सांगतो: पहाटे निघ, चारला थांब.

ओझरची_आई:
दादा, हे कुणीच सांगितलं नव्हतं. मिस्टरांना रात्री गाडी चालवायचा त्रास होतो. मग विमानच बरं का?

नकाशावेडा:
विमानाचंही अंतर १,९६० धरू नका. आधी नाशिकहून मुंबई विमानतळ, १६०-१७० किमी, आणि तिथून गुवाहाटी हवाई सुमारे २,०८०. जाताना तीन तासांच्या आसपास. परतीला जास्त लागतात, कारण हिवाळ्यात वरचा पश्चिमेचा वारा समोरून येतो.

पिंपळगावचा_गाडीवाला:
माझं स्पष्ट मत: डिसेंबर-जानेवारीत गाडीने जाऊ नका. लखनौपासून पूर्णियापर्यंत धुकं असतं. बॉनेटच्या पुढचं दिसत नाही, आणि त्यात बिनदिव्याचे उसाचे ट्रॅक्टर. आमचे जुने ड्रायव्हरसुद्धा ऊन पडेपर्यंत ढाब्यावर गाडी लावतात. सामान ट्रान्सपोर्टने पाठवा, तुम्ही दोघं विमानाने जा.

गाडीच न्यायची असेल तर फेब्रुवारी संपताना निघा. आणि मॅपवर गुवाहाटी टाकू नका, आयआयटीचं नाव टाका. ती ब्रह्मपुत्रेच्या उत्तर काठावर, अमीनगावच्या बाजूला आहे. सिलिगुडीकडून येताना अलीकडेच लागते, सराईघाट पूल ओलांडायचं काम नाही. विमानतळ मात्र दक्षिण काठावर, तिथून टॅक्सी केलीत तर पूल लागेल.