जाई की जान्हवी? बारसं रविवारी आहे, लवकर सांगा

फोंडेकर_बाबा
मंडळी, पहिली मुलगी. भटजींनी उत्तराषाढा, तिसरं चरण, अक्षर 'जा' सांगितलंय. घरात भांडून भांडून दोनच नावं उरलीत. बायकोला जाई हवं, माझ्या बहिणीला जान्हवी. आणि बहीण म्हणजे मावळण, कानात नाव सांगायचा मान तिचा, त्यामुळे आवाजही तिचाच मोठा. या दोनांतलंच सांगा. तिसरं नाव नको, हात जोडतो.

साखळीचो_बाप
मांडवी ठेवा. आमच्या मुलीचं तेच आहे. अख्ख्या शाळेत एकटी. राशीबिशी आम्ही बघितली नाही, काही अडलं नाही.

डिचोली८८
मांडवी म्हटलं की सगळ्यांना नदीच आठवते. रामायणात भरताच्या बायकोचं नाव मांडवी आहे.

साखळीचो_बाप
आमची नदीवरूनच आहे. बेतीच्या फेरीबोटीतच जन्मायची, थोडक्यात वाचलो.

जान्हवीची_आई
जान्हवी नको हो. अर्थ छानच आहे, जह्नू ऋषींनी रागाने गंगा पिऊन टाकली आणि मग कानातून बाहेर सोडली, म्हणून ती त्यांची मुलगी. पण मूळ संस्कृत जाह्नवी, आपण म्हणतो जान्हवी. मग इंग्रजीत आधी 'एच' की आधी 'एन'? आमच्याकडे जन्मदाखल्यावर एक, आधारवर दुसरं. दहावीचा फॉर्म भरताना उजेड पडला. गोव्यात नाव बदलायला १९९०चा वेगळा कायदा आहे, रीतसर अर्ज करावा लागतो. एका अक्षरापायी मी किती रजा घालवल्या ते विचारू नका.

पर्वरी_पप्पा
आराध्या बघा ना. मॉडर्न आहे.

डिचोली८८
बच्चनांकडे २०११मध्ये मुलगी झाली आणि तेव्हापासून प्रत्येक बारशाला आराध्याच. आमच्या वाड्यावर तीन आहेत. एकीला हाक मारली की तिघी येतात.

तिसवाडीकर
जाई चांगलं आहे, पण इंग्रजीत जे-ए-आय लिहू नका, लोक जय वाचतात. माझ्या भाचीला कॉलेजात मुलांच्या यादीत टाकलं होतं. मधे दोन 'ए' घाला.

साष्टीकार
आणि कोंकणीत 'जाय' म्हणजे हवं! शाळेत पोरं सोडणार नाहीत. एक म्हणणार 'जाय?', दुसरा म्हणणार 'नाका'. शिवाय जायफळ आहेच चिडवायला 😄

कुळागरवाली
जायफळाला हसायचं काम नाही. संस्कृतात 'जाती' म्हणजे जाईचं फूल आणि जायफळालाही तोच शब्द. जातीचं झालं जाई, जातीफळाचं जायफळ. माझ्या कुळागरात सुपारीच्या मधे जायफळाची अकरा झाडं आहेत. औंदा पावसाने फळं कुजली आणि पत्री काळी पडली.

साखळीचो_बाप
पत्रीला दर काय मिळाला?

कुळागरवाली
दराचं नाव काढू नका.

म्हार्दोळची_सून
फोंड्याचे असून विचारताय? म्हाळशेच्या देवळात पावसाळ्यात जायांची पूजा असते, एकदा जाऊन उभे राहा. संध्याकाळी कळ्या उमलायला लागल्या की बाहेर रस्त्यापर्यंत वास येतो. नाव आपोआप ठरेल. आणि जाई म्हणजे जुई नव्हे. जाईची कळी मोठी, पाठीमागून गुलाबी झाक. शहरातले लोक दोन्ही एकच समजतात.

साष्टीकार
मंगेशीचं उदाहरण घ्या. लताबाईंचं पाळण्यातलं नाव हेमा. वडिलांच्या नाटकातल्या लतिकेवरून पुढे लता झालं. आता कुठलंही ठेवा, नंतर बदलेल.

जान्हवीची_आई
१९२९च्या काळात आधार कार्ड नव्हतं.

तिसवाडीकर
रविवारचीच घाई का? जन्माची नोंद नावाशिवाय होते. बारा महिन्यांच्या आत नाव फुकट घालता येतं, पुढे पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून. आधी महिनाभर दोन्ही नावांनी हाक मारून बघा. आणि परत सांगतो, दोन 'ए'.

पर्वरी_पप्पा
मग आरोही?

फोंडेकर_बाबा
झालं बारसं. जाई.
साष्टीकारांचा 'जाय-नाका' आईला वाचून दाखवला, तिला हसूच आलं नाही. तिचं माहेर साताऱ्याकडचं. चार बहिणींतल्या शेवटचीचं नाव नकुशी. २०११मध्ये तिथे सरकारी कार्यक्रमात अडीचशेवर नकुशींची नावं बदलली, पण मावशी तोवर आजी झालेली, ती कशाला जाते. आई एवढंच म्हणाली, "जाय म्हणजे हवी ना? मग तेच ठेव." बहीण चार दिवस बोलत नव्हती, पण कानात तिनेच सांगितलं.
फॉर्मवर एकच 'ए' घातलाय. दोन घातले की बायकोला ते वाहनाच्या नंबरासारखं दिसतं.

तिसवाडीकर
मग कशाला विचारलं होतं?

कुळागरवाली
अभिनंदन. बाळगुटीला जायफळ लागलं तर सांगा, झाडावरचं देते. दुकानातलं किडकं असतं.