प्रोपेनचा टँक विकत घ्यावा की लीजवरच ठेवावा?

गारठलेला_डोंबिवलीकर:
मंडळी, न्यू हॅम्पशायरमध्ये घर घेतोय, नाशुआपासून बरंच आत, नॅचरल गॅसची लाइन नाहीये. हीटिंग, गरम पाणी, शेगडी सगळं प्रोपेनवर. मागे ५०० गॅलनचा टँक आहे. एजंट म्हणतो टँक घराबरोबर येतो, कंपनी म्हणते आमचा आहे, वर्षाचं भाडं अगदी किरकोळ, हवा तर विकत घ्या. काय करू? आपल्याकडे डिपॉझिट भरलं की सिलिंडर घरात, मालक कोण हे कधी डोक्यातच आलं नाही.

शेकोटी:
भाडं किरकोळच असतं हो, खरी मेख गॅलनच्या रेटमध्ये आहे. लीजच्या टँकमध्ये गॅस त्याच कंपनीने भरायचा, दुसऱ्याचा ट्रक हात लावणार नाही, टँकच्या मालकाच्या परवानगीशिवाय भरता येत नाही असा नियमच आहे. पहिल्या वर्षी गोड रेट मिळाला आणि दुसऱ्या हिवाळ्यात आमच्या कंपनीने असा वाढवला की बस, आणि शेजारी मात्र स्वतःचा टँक असल्याने उन्हाळ्यातच चार ठिकाणी फोन फिरवून रेट बांधून मोकळा. सगळं घर प्रोपेनवर असेल तर घेऊन टाका.

मुलुंड_ते_मेन:
थोडं उलट बोलतो. नुसती शेगडी आणि एखादी फायरप्लेस असती तर मी लीजच म्हणालो असतो, एवढ्याशा गॅससाठी कोण टँक घेईल. स्वतःचा झाला की रेग्युलेटर, गळती, रंग सगळं तुमच्या गळ्यात. छपरावरचा बर्फ रेग्युलेटरवर कोसळतो तेव्हा कंपनी धावत येणार नाही, आली तरी बिल लावणार. आणि घ्यायच्या आधी टँकवरची धातूची पट्टी बघा, त्यावर टँक बनवल्याचं वर्ष वगैरे असतं, ती वाचता येत नसेल तर दुसरी कंपनी भरायला नाही म्हणू शकते.

हिशोबी_काकू:
अरे आधी लीजचा कागद माग! वर्षाला कमीत कमी किती गॅलन घ्यायलाच लागतात, टँक उचलून न्यायचे किती, उरलेल्या गॅसचे पैसे परत देतात का, हे सगळं बारीक अक्षरात असतं. आणि टँक कोणाचा ते घराच्या करारात लिहून घे, एजंटच्या तोंडी बोलण्यावर जाऊ नकोस. विकणारा आतल्या गॅसचे वेगळे मागेल. ५०० चा टँक ८० टक्केच भरतात, उन्हात गॅस फुगायला जागा लागते ना, म्हणजे फुल्ल टँक ४०० गॅलन. टँकवरचं झाकण उचल, आतला काटा ५०० चे किती टक्के ते दाखवतो, ४० वर असेल तर २०० गॅलनचेच पैसे द्यायचे. क्लोजिंगच्या, म्हणजे घराचा व्यवहार पूर्ण होण्याच्या दिवशी फोटो काढ.

गारठलेला_डोंबिवलीकर:
काकू, थँक्यू! काटा ३५ वर आहे, म्हणजे १७५. पट्टी सापडली पण कोणीतरी वरून रंग मारलाय, वर्ष दिसतच नाही. खरवडू का?

मुलुंड_ते_मेन:
तुम्ही नका खरवडू राव, अजून टँक त्यांचा आहे. विकायचाय ना त्यांना, मग पट्टी साफ करून दाखवा म्हणावं, त्यानंतर पैशाचं बोलू.