सत्तर टनांचा किंग टायगर आणि पंचेचाळीस टनांच्या रणगाड्याचे इंजिन

प्रश्न : मांजराकाठ, लातूर

नमस्कार. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन रणगाडा टायगर-२, म्हणजेच किंग टायगर, याच्या पुढच्या उतरत्या चिलखताची जाडी १५० मिलिमीटर होती आणि लांब नळीची ८८ मिलिमीटर तोफ फार दूरवरून शत्रूचा रणगाडा भेदत असे. तरीही डिसेंबर १९४४ मध्ये बेल्जियममधील ला ग्लेझ येथे जर्मन सैनिक असे काही रणगाडे मागे ठेवून पायी निघून गेले. केवळ इंधन संपले म्हणून हे घडले, की दोष मूळ रचनेतच होता? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर : काळे रान, परभणी

मी तीस वर्षे ट्रॅक्टर दुरुस्तीचे काम करतो, त्यामुळे माझे लक्ष तोफेपेक्षा गिअरबॉक्सकडे आधी जाते. सुमारे ४५ टनांच्या पँथर या जर्मन रणगाड्याला जे मायबाख इंजिन बसवले होते, तेच जवळपास ७० टनांच्या किंग टायगरला दिले गेले. त्याची शक्ती ७०० अश्वशक्ती, म्हणजे टनामागे जेमतेम दहा. इंजिन मागे, गिअरबॉक्स पुढे आणि तेथून फायनल ड्राइव्हमार्फत, म्हणजे चाकाजवळच्या शेवटच्या गिअरांमार्फत, पुढची दातेरी चाके फिरत. त्यामुळे वळताना व चिखलातून निघताना सारा ताण त्या गिअरांवर येई. वापसा नसलेल्या रानातून भरलेली उसाची ट्रॉली ओढायला लावली, तर इंजिनाच्या आधी क्लच आणि मागचे गिअर जातात, हे आपल्याकडे प्रत्येक चालकाला ठाऊक आहे. याच्या आधीच्या टायगर-१ ची चाके एकमेकांत गुंतलेली होती. रशियातील हिवाळ्यात त्यांच्यात अडकलेला चिखल रात्रीतून गोठे, आणि आतले एक चाक बदलायचे तर बाहेरची कित्येक उतरवावी लागत. दुरुस्तीचा विचार न करता केलेली अशी रचना मला आजही खटकते.

उत्तर : गोदातीर, नांदेड

काकांचे म्हणणे योग्य आहे, परंतु ला ग्लेझपुरता इंधनाचा आणि पुलांचा मुद्दा मला अधिक वजनदार वाटतो. टाकीत सुमारे ८६० लिटर पेट्रोल मावे आणि तेवढ्यावर रस्त्याने साधारण १७० किलोमीटर जाता येई. रानातून त्याहून बरेच कमी. ला ग्लेझला अडकलेल्या, पायपर या जर्मन अधिकाऱ्याच्या तुकडीला शत्रूचे इंधनाचे साठे हाती लागतील या भरवशावर पुढे ढकलले होते. त्यातच १८ डिसेंबरला अमेरिकन इंजिनिअरांनी त्र्वा-पाँ येथील पूल उडवले, आणि अरुंद दऱ्यांतून एवढ्या वजनाच्या वाहनाला दुसरा मार्ग शोधणे अवघड झाले. हाच रणगाडा मोकळ्या मैदानात, आधीच जागा धरून, बचावासाठी उभा असता तर अत्यंत घातक ठरला असता. चढाईसाठी तो योग्य नव्हता, असे माझे मत आहे.

मांजराकाठ, लातूर

आभारी आहे, सर. मग बंद पडलेले रणगाडे ओढून का नेले नाहीत?

काळे रान, परभणी

ओढणार कशाने? टायगर-१ हलवायलाही १८ टनी ओढवाहने बहुधा तीन-तीन जोडावी लागत, आणि एका टायगरने दुसरा ओढला तर त्याचेही इंजिन तापून बंद पडण्याची भीती असे, म्हणून तसे करण्यास मनाई होती. शत्रू जवळ आला की चालकदल स्फोटके लावून आपला रणगाडा स्वतःच निकामी करी.