एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू-मज्जारज्जूचा आजार) आहे, परवापासून छातीभोवती आवळल्यासारखं होतंय

पावसाळी: गोळ्या चालू आहेत, सगळं नीट होतं आणि परवापासून एकदम बरगड्यांभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटतंय, डावा पायही जड. रिलॅप्स (आजार पुन्हा उफाळणं) का हा? घरचे म्हणतात टेन्शन घेतेस.

नाशिककर: ताई, आधी ईसीजी काढा, छातीचं दुखणं परस्पर एमएसच्या खात्यात टाकायचं नसतं. हृदय ठीक निघालं तर 'एमएस हग' (एमएसमुळे छातीभोवती आवळल्यासारखं होणं) असू शकतो.

ठाण्याची: लघवीला जळजळ, ताप? मला युरिन इन्फेक्शन झालं की जुनी लक्षणं सगळी वर येतात, तो खरा रिलॅप्स नसतो.

पावसाळी: नाही, पण उन्हात बरीच फिरले.

ठाण्याची: उन्हाने वर आलेलं गार झाल्यावर उतरतं हो. २४ तासांवर टिकलंय ना, म्हणजे खरा रिलॅप्स असू शकतो, आजच न्यूरोलॉजिस्टला फोन करा.