विषय: शनिवारची रक्ततपासणी – उपाशी की खाऊन?

मीनल:
मंडळी, कोलेस्टेरॉल आणि साखर तपासायला नर्स ९ ला हॉलवर येतायत. मागच्या वेळचा गोंधळ नको, आजच ठरवू. सुनंदाताईंचे पोहे आधी की नंतर?

शिरीष:
नंतर. १२ तास उपाशी म्हणजे उपाशी. मागच्या वेळी अर्धे लोक साडेआठलाच खाऊन बसले आणि त्यांचे रिपोर्ट वाया गेले.

डॉ. अनुजा:
शिरीषदादा, वाया नाही गेले. एकूण कोलेस्टेरॉल आणि एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) खाण्याने फारसं हलत नाही. ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) वाढतात, ते ४००च्या वर आले तर उपाशीपोटी पुन्हा रक्त तपासायला द्यायचं. इन्सुलिन घेणाऱ्यांना उपाशी बसवू नका, साखर उतरेल. आणि वडील-भावाला ५५ च्या आत किंवा आई-बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल तर लिहून आणा. लिपोप्रोटीन (ए), म्हणजे रक्तात कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण, आयुष्यात एकदा तरी तपासून घ्याच. ते आनुवंशिक असतं, पथ्याने खाली येत नाही.

शिरीष:
आणि साखर? ती तर उपाशीच बघतात ना?

डॉ. अनुजा:
आपण एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर, बघतोय. त्याला उपास लागत नाही.

सुनंदा:
पोहे ८ ला आणते. तेल बेताचं, शेव वेगळ्या डब्यात. नाश्ता इतकी वर्षं माझ्याकडे आहे, कोणी परस्पर सामोसे मागवू नका.

विद्याधर:
पोह्यांचं राहू द्या. गेल्या जानेवारीत ड्राइव्हवेवरचा बर्फ काढताना माझा जबडा दुखायला लागला. दाढ असेल म्हणून घरात येऊन लवंग धरली. बाहेर कडाक्याची थंडी आणि माझा बनियन घामाने चिंब! हिने माझं काही न ऐकता ९११ ला, अ‍ॅम्ब्युलन्ससाठी, फोन लावला. दाढ नव्हे, हृदय होतं: एलएडी, म्हणजे हृदयाची मोठी धमनी, जवळजवळ बंद; त्याच रात्री ती उघडी ठेवायला स्टेंट. वय ५२, तंबाखूला कधी हात लावला नाही. सहा महिने आधी कोलेस्टेरॉल 'नॉर्मल' आलं म्हणून त्याची गोळी, स्टॅटिन, मीच बंद केली होती. अरे, नॉर्मल आलं होतं ते त्या गोळीमुळेच!

शिरीष:
माझ्या मेहुण्याचे त्या गोळीने पाय दुखायचे, त्यानेही सोडली.

डॉ. अनुजा:
त्यांना डॉक्टरांकडे पाठवा, प्लीज. डोस कमी करता येतो, दुसरं स्टॅटिन देता येतं, एझेटिमाइब ही कोलेस्टेरॉलची वेगळी गोळी आहे. मनाने सोडायची नाही.

शिरीष:
आजच फोन करतो.

मीनल:
मग पोहे ८ लाच. हॉलची किल्ली कोणाकडे आहे?

विद्याधर:
माझ्याकडे. पावणेआठला उघडतो.