७५२०यू की ७५३०यू? मेकॅनिकलच्या अभ्यासासाठी लॅपटॉप

कागदीबाण
भाचीसाठी लॅपटॉप घ्यायचाय. मेकॅनिकल इंजिनिअरिंग, पहिल्या वर्षी पायथन आणि मॅटलॅब, पुढे सॉलिडवर्क्स (भागांची त्रिमितीय चित्रं काढायचं सॉफ्टवेअर). चार वर्षं निघायला हवीत. दोन मॉडेलांवर गाडी अडली आहे:

अ: रायझन ५ ७५२०यू, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी
ब: रायझन ५ ७५३०यू, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, रॅमचा एक स्लॉट रिकामा

आकड्यात फरक फक्त दहाचा, मग 'ब'ला जास्त पैसे का मोजायचे? आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर सॉलिडवर्क्स चालेल का? जाणकारांनी सांगावं.

सोल्डरगन
फरक दहाचा नाही, पिढीचा आहे. एएमडीच्या लॅपटॉपच्या ७००० मालिकेत तिसरा अंक बघायचा, तो आर्किटेक्चर, म्हणजे प्रोसेसरच्या आतली रचना, सांगतो. ७५२० मधला २ म्हणजे झेन २, ७५३० मधला ३ म्हणजे झेन ३. झेन २ हे २०१९ सालचं डिझाइन, नव्या नावाने विकायला ठेवलेलं. 'अ'मध्ये ४ कोअर आणि ४ एमबी एल३ कॅशे (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी), 'ब'मध्ये ६ कोअर आणि १६ एमबी. आतलं ग्राफिक्सही 'अ'मध्ये फक्त २ युनिटचं, 'ब'मध्ये ७ युनिटचं. खोक्यावर दोन्हीकडे 'रायझन ५' असंच छापलेलं असतं, त्यामुळे माणूस फसतो.

पण 'अ' बाद होण्याचं खरं कारण रॅम. ७५२०यू फक्त एलपीडीडीआर५ प्रकारची रॅम घेतो आणि ती बोर्डावर सोल्डर केलेली असते. ८ जीबी घेतलीत की शेवटपर्यंत ८च. त्यातूनही आतलं ग्राफिक्स आपला वाटा आधीच काढून घेतं. काही लॅपटॉपमध्ये हा वाटा २ जीबीचा असतो, म्हणजे विंडोजच्या हाती सहाच्या आसपास उरतात. सॉलिडवर्क्सची स्वतःची शिफारस किमान १६ जीबीची आहे. 'ब' घ्या, ८ जीबी रॅमची कांडी टाका, विषय संपला.

एसएसडीवर डोकं खाऊ नका, ती नंतर बदलता येते. प्रोसेसर, सोल्डर रॅम आणि स्क्रीन बदलता येत नाहीत किंवा बदलणं परवडत नाही. पैसे तिथे घाला.

मेट_आणि_माप
+१. आता ग्राफिक्सचं. कॉलेजात जे पार्ट आणि पन्नासेक भागांच्या असेंब्ली करायला देतात त्याला 'ब'चं आतलं ग्राफिक्स पुरतं. मॉडेल रिबिल्ड होताना (बदलानंतर नव्याने आकार घेताना) बहुतेक काम एकाच कोअरवर चालतं, तिथे ग्राफिक्स कार्डाचा काही उपयोग नाही. मोठ्या असेंब्ली फिरवणं, रेंडरिंग किंवा कुडावर (एनव्हिडियाच्या कार्डाकडून हिशेब करवून घेणारी प्रणाली) चालणारं मशीन लर्निंग करायचं असेल तरच एनव्हिडियाचं कार्ड बघा. तेव्हाही नुसतं 'आरटीएक्स ४०५०' वाचून भुलू नका. तेच कार्ड लॅपटॉपनुसार ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत चालवलेलं असतं आणि कामगिरीत त्याचा फरक स्पष्ट दिसतो. शिवाय जड चार्जर रोज पाठीवर.

प्रमाणित कार्ड नसलं की सॉलिडवर्क्समध्ये 'रिअलव्ह्यू'चं (मॉडेल खऱ्या वस्तूसारखं दाखवायची सोय) बटण राखाडी राहतं. राहू दे, ते दिखाऊपणाचं काम आहे. फेस गायब होणं, एज सिलेक्ट न होणं असले प्रकार सुरू झाले तर मात्र आधी ग्राफिक्स ड्रायव्हर अद्ययावत करा. तरी नाही गेलं तर ऑप्शन्स, परफॉर्मन्समध्ये 'यूज सॉफ्टवेअर ओपनजीएल'वर टिक करा. सगळ्या फाइली बंद केल्याशिवाय ती टिक करता येत नाही, आणि लोक इथेच अडकतात. याने वेग कमी होतो, पण चित्र स्थिर राहतं.

आणि कोणी मॅक किंवा स्नॅपड्रॅगनवाला लॅपटॉप सुचवला तर मेकॅनिकलसाठी नको. सॉलिडवर्क्सची मॅक आवृत्ती नाही आणि स्नॅपड्रॅगनसारख्या एआरएम प्रोसेसरला त्यांचा अधिकृत पाठिंबा नाही.

उजेडवाला
स्क्रीनबद्दल कोणीच बोललं नाही. तपशिलात '४५% एनटीएससी, २५० निट्स' (पहिला आकडा रंगांच्या व्याप्तीचा, दुसरा उजेडाचा) असेल तर रंग फिकट दिसतात आणि खिडकीपाशी बसून काम होत नाही. ३०० निट्स आणि १००% एसआरजीबी मिळालं तर उत्तम. 'ब'च्याच मालिकेत बहुधा दोन प्रकारचे पॅनेल असतात, पूर्ण मॉडेल नंबर टाकून तपासा.

बॅटरीचे जाहिरातीतले तास सोडा, वॅट-अवर बघा. साध्या कामाला सरासरी ८ वॅट धरा: ४२ वॅट-अवरची बॅटरी पाच तास, ५६ची सात. टाइप-सी पोर्ट चार्जिंग घेतो का हेही विचारा, काही फक्त डेटाचे असतात.

कागदीबाण
फारच उपयोगी, आभार! 'अ' रद्द. स्लॉट खरंच रिकामा आहे हे कसं बघायचं? आणि रॅम घरी बसवता येईल का?

सोल्डरगन
टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, मेमरी. उजवीकडे खाली 'स्लॉट्स यूज्ड' दिसतं. 'फॉर्म फॅक्टर'समोर 'रो ऑफ चिप्स' लिहिलं असेल तर रॅम सोल्डर केलेली. विंडोज कधीकधी सोल्डर रॅमलाही स्लॉट म्हणून मोजतं, म्हणून कंपनीच्या साइटवरचं सर्व्हिस मॅन्युअल उघडून खात्री करा. मागचं झाकण उघडल्याने वॉरंटीवर काय परिणाम होतो तेही तिथेच विचारून घ्या.

'ब'ला डीडीआर४ ३२०० एसओडीआयएमएम (लॅपटॉपची छोटी रॅम कांडी) लागेल. डीडीआर५ची खाच वेगळ्या जागी असते, ती बसणारच नाही, जोर लावू नका. उघडण्याआधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून कागदावर उतरवून घ्या. नंतर बायॉसमधलं (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमधलं) काही बदललं गेलं तर विंडोज सुरू होतानाच ती मागतं.

लॅपटॉप बंद, चार्जर काढा, झाकण उघडल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा. कांडी साधारण ३० अंशात तिरकी घालून सोनेरी पट्टी जवळजवळ दिसेनाशी होईपर्यंत आत सरकवा, मग खाली दाबा. दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक्कन बसायला हव्यात. पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन थोडा वेळ काळी राहू शकते, दोनेक मिनिटं थांबा. तरीही काळीच राहिली तर दहापैकी नऊ वेळा कांडी अर्धवट बसलेली असते, काढून परत घाला.

मेट_आणि_माप
८ अधिक ८ झाल्यावर रॅम ड्युअल चॅनेलमध्ये (दोन्ही भाग एकाच वेळी वापरून) चालते, आतल्या ग्राफिक्सला त्याचा थेट फायदा. म्हणून कांडी सॉलिडवर्क्स येईपर्यंत थांबून नको, लगेच टाका.